चांगला हात धर

माझा चालणारा हात एकच, डावा. त्या उन्हाळ्यात त्याच्या मनगटाला, अंगठ्याच्या मुळाशी, लिंबाएवढी सूज आली होती. डॉक्टरांना मी सांगितलं, पाण्याची बादली उचलताना लचकलं. त्यांनी सूज दाबली, अंगठा आत वाकवला, मी ओरडले.

"बाई, हा हात दोन हातांचं काम करतोय," ते म्हणाले. "याला आणखी एक जोराचा हिसका बसला तर इथला स्नायुबंध तुटेल. मग अंगठा गेला. आणि तुमच्या बाबतीत अंगठा गेला म्हणजे हात गेला."

मी मांडणी करून जगणारी बाई आहे. बसस्टॉपपर्यंत चालताना मनात मांडणी केली. अंगठा गेला तर काय काय जाईल: परकराची नाडी, वेणी, कुलूप, डब्याचं झाकण, लिहिणं, दुकानातली नोकरी. मग उरेल ते दादाच्या घरात एका कोपऱ्यात बसून राहणं. आणि मनगटाला हिसके देत होता तो दादाच.

उजवा हात जन्मतानाच गेला. आईने सांगितलेली हकिकत छोटी होती. डोकं बाहेर आलं, खांदा अडला, सुईण घाबरली. तिने बाजेला पाय लावला आणि माझं डोकं धरून ओढलं. मान एकीकडे गेली, खांदा एकीकडे राहिला. मानेतून हातात उतरणाऱ्या नसा तिथेच तुटल्या, हे पुढे डॉक्टरांकडून कळलं. आईला तेव्हा फक्त कट् असा आवाज ऐकू आला होता. "पोर जगली हेच लई," असं म्हणून ती विषय संपवायची.

हात जागेवर आहे. खांद्यातून आत वळलेला, कोपरात वाकलेला, तळवा मागे. तळवा वर करता येत नाही, म्हणून त्यावर कोणी काही ठेवलं की पडतं. आणि त्याची एक खोड आहे. उजव्या हाताने घास तोंडाकडे नेला की कोपर आपोआप बाहेर फेकलं जातं आणि खांद्याच्या उंचीला येतं, कोंबडीने पंख उचलावा तसं. ते मला आवरता येत नाही. लहानपणी एका लग्नाच्या पंगतीत माझ्या उजवीकडच्या पाहुण्याच्या ओठाला त्याने जखम केली. त्या दिवशी घरी येऊन आईने मला चांगलं बडवलं, आणि मग जवळ घेऊन रडली.

आम्ही मराठवाड्यातले बौद्ध. वडील रेल्वेच्या नोकरीमुळे हैदराबादला आले, बरकतपुऱ्यात दोन खोल्या बांधल्या आणि आयुष्यभर एकच गोष्ट सांभाळली: कोणी नाव ठेवू नये. शर्टाला इस्त्री, दारापुढे झाडलेलं अंगण, बोलणं हळू. "आपल्याला नावं ठेवायला लोकांना निमित्त लागत नाही," ते म्हणत. "तू आपल्या हाताने देऊ नको." डाव्या हाताने जेवणारी मुलगी हे त्यांच्या लेखी मोठं निमित्त होतं. शिवाय आईला कोणीतरी सांगितलं होतं की चांगला हात बांधून ठेवला तर दुसऱ्याला शिकावंच लागतं.

म्हणून जेवणाची एक पद्धत ठरली. माझं ताट भिंतीशी, डावा हात भिंतीच्या बाजूला, म्हणजे कोणाला दिसू नये. उजवीकडे दादा. तो माझ्याहून पाच वर्षांनी मोठा. आई भाकरी वाढायची आणि म्हणायची, "चांगला हात धर." दादा माझ्या अंगावरून पुढे हात घालायचा आणि माझं डावं मनगट मांडीवर दाबून ठेवायचा. मी उजव्या हाताने डाळ-भाकरी तोंडाशी नेण्याची खटपट करायची. अर्धं सांडायचं. कोपर उचललं जायचं तेव्हा दादा डोकं मागे घ्यायचा. लहानपणी तो त्यात तरबेज झाला होता. स्वतःचं जेवण थंड करून घेऊन तो मला धरून बसायचा, आणि हे प्रेमच होतं हे मला आजही मान्य आहे.

उपाय फक्त घरात होत नव्हते. दर गुरुवारी वडील मला हाडं बसवणाऱ्या एका पैलवानाकडे नेत. तो अंड्याचा बलक आणि कसलीशी काळी पूड खांद्याला चोळायचा, गुडघा माझ्या काखेत रोवायचा आणि हात उलटा पिळायचा. वडील माझे पाय धरत. मी पैलवानाच्या दंडाला चावले होते एकदा. त्याने थप्पड मारली आणि वडिलांनी त्याची माफी मागितली. शाळेत बाईंनी डाव्या हाताने लिहिते म्हणून पट्टीच्या कडेने बोटांची पेरं सोलली. मोठ्या दवाखान्यात एका डॉक्टरांनी मला शिकाऊ पोरांपुढे उभं केलं, हात सोडून द्यायला सांगितला आणि म्हणाले, "बघा, हॉटेलातला वेटर पाठीमागे हात करून बक्षिसी मागतो तसा." पोरं हसली. मी तेव्हा बारा वर्षांची होते आणि मला झाकायला ओढणीसुद्धा नव्हती.

पुढे साडी आली आणि पदर आला. उजवा हात मी पदराखाली घातला तो तिथेच राहिला. मला वाटायचं, असा हात जगात एकच आहे.

आई-वडील गेले. दादाचं लग्न झालं, वहिनी आली. माझं लग्न जमलं नाही; कोणी नीट विचारलंही नाही. मी नारायणगुड्यातल्या नळ आणि टाइल्सच्या एका दुकानात बिलं करायला लागले. मग ती वर्षं आली ज्यांत शहर दर महिन्याला नवं दिसायचं. घरोघर केबल, गल्लीगल्लीत पिवळे एसटीडी बूथ, बाथरूममध्ये परदेशी नळ. आमच्या शेठजींनी दुकान दुप्पट केलं, कंप्यूटर आणला आणि मला त्यापुढे बसवलं. एका हाताने मी दोन हातांच्या पोरांपेक्षा चुका कमी करायचे. त्याच वर्षांत दादाचा कारखाना बंद पडला. हातात थोडे पैसे देऊन सगळ्यांना घरी पाठवलं. दादा कामाचा माणूस होता. घरी बसवलेला कामाचा माणूस काय होतो ते मी पाहिलं आहे. तो दिवसभर बनियनवर टीव्हीसमोर बसायचा आणि संध्याकाळी मी आले की घड्याळ बघायचा.

पुन्हा तो माझ्या उजवीकडे बसू लागला.

"उजव्या हातानं खा."

"दादा, मी आता चाळिशीला आले."

"आईनं काय सांगितलं होतं? उजव्या हातानं खा. किती डाव सांगू?"

मग त्याचा हात पुढे यायचा. आता तो लोखंड वाकवलेल्या माणसाचा हात होता. तो मनगट धरायचा आणि मांडीवर न दाबता पिळायचा. जेवणावरून सुरू झालेलं हळूहळू सगळ्यावर गेलं. दुकानातून उशीर झाला, टीव्हीचा आवाज कमी कर म्हटलं, वहिनीची बाजू घेतली, की मनगट. एका हाताने धरायचं, दुसऱ्याने मारायचं. इतर कोणाला धरायला दोन माणसं लागतात. मला एक हात पुरायचा. एकदा त्याने मला असं धरून न्हाणीच्या दारावर आपटलं आणि माझी भुवई फुटली. वहिनी शेगडीशी उभी होती. तिने गॅस बारीक केला. तिची मार खायची वेळ वेगळी असे, आणि तेव्हा मी गॅस बारीक करत असे.

वेगळं घर का घेतलं नाही, असं लोक विचारतात. त्या काळात एकट्या बाईला, तीही आमच्यातली, खोली कोण देणार होतं? मी विचारून पाहिलं होतं. पहिल्यांदा आडनाव विचारत, मग नवरा विचारत, मग पदराखालच्या हाताकडे बघत.

डॉक्टरांकडून परत येताना मी नामपल्लीहून सुटणाऱ्या बसमध्ये चढले. आमच्याकडे बसमध्ये बायका पुढे, पुरुष मागे. पण त्या दिवशी गर्दी इतकी की बायका मध्यापर्यंत सरकल्या होत्या. मला कडेची जागा मिळाली. माझ्यापुढे एक पस्तिशीचा माणूस दांडा धरून उभा होता, आणि त्याच्या पाठीमागे एक कॉलेजची मुलगी. ब्रेक लागला. मुलगी पुढे ढकलली गेली, सावरली, आणि तिला कळलं की त्या माणसाचा डावा तळवा तिच्या पोटाला लागलेला आहे आणि तो हात काढून घेत नाही.

तिने त्याच्या कानाखाली वाजवली.

पुढचं सगळं फार भराभर झालं. मागून दोघं-तिघं पुरुष पुढे घुसले. "कोट्टंडि!" म्हणून कोणीतरी तेलुगूत ओरडलं, म्हणजे हाणा. दुसरा म्हणाला, "मारो साले कू, बहना कू हाथ लगाता!" पहिला ठोसा तोंडावर बसला. त्याने दांडा सोडून उजवा हात वर केला, तोच एकाने तो पकडून पाठीमागे मुरगाळला. दुसऱ्याने डावा धरला, तळवा पुढे यावा म्हणून पिळला, आणि तो माणूस असा किंचाळला की मला पैलवानाचा गुडघा काखेत जाणवला. मी त्याच्या हाताकडे तेव्हा नीट पाहिलं. आत वळलेला खांदा. वाकलेलं कोपर. तळवा मागे.

दुसऱ्या कोणाचा असता तर त्याने हात बाजूला घेतला असता. हा हात बाजूला घेता येत नाही.

मी उठले. पदर काढून टाकला. गर्दीत घुसून माझा उजवा हात सगळ्यांच्या नाकापुढे धरला आणि ओरडले, "उसका हाथ पलटता नई! ये देखो, मेरा भी नई पलटता! पैदाइशी है!" कोणाचं तरी कोपर माझ्या कानावर बसलं, डोक्यात घंटा वाजली. मी ओरडत राहिले. ते थांबले ते माझं पटलं म्हणून नाही. एकाच जागी दोन तसले हात बघून गोंधळले म्हणून. एकाने खरंच माझा हात ओढून पाहिला, नकली आहे का ते. मुलगी रडायला लागली होती. "नाकु तेलीदु, नाकु तेलीदु," म्हणत होती. म्हणजे मला माहीत नव्हतं. कंडक्टरने शिट्टी मारून बस थांबवली आणि मुलीला नाही, आम्हा दोघांना उतरवलं.

रस्त्याकडेच्या इराणी हॉटेलात मी त्याला बसवलं. ओठ फाटला होता, शर्टाच्या गुंड्या गेल्या होत्या. पाण्याने त्याने तोंड धुतलं, दोनदा लाल थुंकला. चहा आला. मी डाव्या हाताने बशी उचलली आणि उजव्या मनगटाच्या हाडाने कप टेकवून धरला, रोज धरते तसा. तो बघत राहिला. मग त्याने आपला कप तसाच, उलट बाजूने, धरला.

"मैं समझा मेरेकुच ये तरकीब आती," तो म्हणाला आणि फाटक्या ओठाने हसला. "मेरे वास्ते पैली बार कोई मार खाया, अक्का."

मी त्याला अन्ना म्हणायला लागले, तो मला अक्का. तो तेलुगू, विजेच्या सामानाच्या दुकानात काउंटरवर होता. बसमध्ये हे त्याच्यासोबत आधीही झालं होतं. म्हणून तो एरवी पिशवी डाव्या हाताला अडकवून ठेवायचा, त्या दिवशी विसरला. उठताना म्हणाला, "इतवार कू फुरसत है क्या? नारायणगुडा में एक आपा है. अपने जैसीच."

अपने जैसीच. मी घरी जाईपर्यंत तेच ऐकत होते.

आपाचा एसटीडी बूथ माझ्या दुकानापासून दोन गल्ल्या सोडून होता. अपंगांच्या कोट्यातून मिळालेला. मी त्यावरून रोज जात होते. रविवारी दुपारी ती शटर अर्धं ओढायची आणि आत तीन खुर्च्या मांडायची. आडव्या बांध्याची, पन्नाशीची, बुरख्याचा नकाब मागे टाकलेला, तोंडात पान. उजवा हात थेट माझा. मी माझाच हात दुसऱ्या बाईच्या खांद्याला लावलेला बघत होते. तिने माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "हौ, हौ, देख लो पेट भरके. मैं भी पैले दिन अन्ना कू ऐसाच देखी."

मग आम्ही कामाचं बोललो. मला तेच आवडतं. नाडीची गाठ दातात धरून मारते म्हटलं तर आपा म्हणाली, "दाताँ गिरे तो? रबर डालो, बेटा." अन्ना शर्टाच्या खालच्या गुंड्या शिवूनच टाकायचा आणि डोक्यातून घालायचा. मी फळीला खालून दोन खिळे ठोकून घेतले होते, त्यावर कांदा टोचून कापायचा. ते ऐकून आपाने मांडीवर हात मारला. आजवर हे सगळं मी एकटीने शोधलं होतं आणि प्रत्येक शोधाची लाज वाटली होती. त्या दुपारी पहिल्यांदा ती हुशारी वाटली.

मधे एक गिऱ्हाईक आलं. आपाने डाव्या मुठीत पेन्सिल धरली आणि तिच्या टोकाने फोनचे आकडे दाबले. तेव्हा मी पाहिलं. तिच्या डाव्या हाताची दोन बोटं सरळ होती, वाकतच नव्हती, आणि अंगठा तळव्याला चिकटून बसलेला.

गिऱ्हाईक गेल्यावर ती म्हणाली, "मेरा बाद में. पैले तुम बोलो. ये कौन पकड़ा?"

"बादली उचलताना—"

"बाल्टी कू उँगलियाँ नई रैते, बेटा."

मी खाली पाहिलं. मनगटावर चार निळे पट्टे होते आणि आतल्या बाजूला एक.

मग अन्ना भिंतीकडे बघत म्हणाला, "मेरी अम्मा टॉवेल से बाँधती थी. खिड़की के सलाख कू. सीधा हाथ. पाँचवी जमात तक." आपा म्हणाली, "मेरी अम्मी ओढनी से. पलंग के पाये कू. हर एक का कोई रैताच है, अच्छा हाथ पकड़नेवाला. मोहब्बत में शुरू करते."

तिचं पुढचं तिने पान थुंकून सांगितलं. सासरी नवऱ्याच्या लक्षात आलं की या बाईला धरायला एक हात पुरतो. तो तिला डाव्या मनगटाला धरून घरभर फिरवायचा. एके दिवशी ती हिसका देऊन निघाली, दाराच्या चौकटीला हात टेकला, आणि त्याने दार लावलं. पुन्हा उघडलं, पुन्हा लावलं. "हड्डियाँ बैठाने पैलवान के पास ले के गया, खुदीच," ती म्हणाली. "रोते-रोते ले के गया."

मी तिच्या पेन्सिलकडे बघत होते. डॉक्टरांनी मला सांगितलेलं माझ्यासमोर खुर्चीवर बसलं होतं.

"मी माझ्या भावाला मारू शकत नाही," मी मराठीतच म्हणाले. मला कोणी मार असं सांगितलंही नव्हतं.

आपाला कळलं. "मारना नक्को," ती म्हणाली. "वो किधर बैठता?"

"उजवीकडे. पुढून हात घालतो."

ती एकदम हसायला लागली. तिने अन्नाला माझ्या उजवीकडे बसवलं, पुढून हात घालून माझं मनगट हलकेच धरायला लावलं. त्याचा चेहरा माझ्या खांद्याशी आला. मग तिने माझ्या उजव्या हातात बिस्किट दिलं. "अब्ब खाओ. हल्लू नक्को. भूख लगे सरका खाओ."

मी बिस्किट तोंडाकडे नेलं. कोपर फेकलं गेलं. अन्नाच्या जबड्यावर असा आवाज झाला की रस्त्यावरचा फळवाला वाकून बघायला लागला. फाटलेला ओठ पुन्हा फुटला. "अय्यो अक्का!" तो जबडा धरून म्हणाला, "बस वालेच अच्छे थे!" आम्ही तिघंही हसलो, आपा तर डोळे पुसायला लागली. आणि मनगट मोकळं होतं. त्याने सोडलं तेव्हा त्यालाही कळलं नव्हतं.

"चालीस साल से तुमकू सिखाए ना, सीधे हाथ से खाओ बोलके?" आपा म्हणाली. "तो खाओ."

वैशाखी पौर्णिमेला आमच्याकडे खीर असते. सकाळी वंदना झाली, दुपारी वहिनीचे भाऊ-भावजय जेवायला आले. दादाने त्या दिवशी इस्त्रीचा शर्ट घातला होता, आणि तो चांगल्या मनःस्थितीत होता, म्हणजे जास्त जपायला हवं होतं. ताटं मांडली. माझं भिंतीशी. दादा उजवीकडे. पाहुणे समोर.

मनगटाला पट्टी होती. उजव्या हाताने खीर-पुरी खायची म्हणजे पाहुण्यांसमोर साडीभर सांडणं. मी डाव्या हाताने पुरी तोडली.

"ताई," वहिनी वाढता वाढता पुटपुटली, "आज नको."

दादा पाहुण्यांकडे बघून हसला. "आमच्या हिला अजून लहान पोरीसारखं शिकवावं लागतं," तो म्हणाला, आणि त्याचा हात पुढून आला. पट्टीवरच धरलं. हसत हसत पिळलं. अंगठ्याच्या मुळाशी काहीतरी ताणलं गेलं, ओल्या दोरीसारखं, आणि डोळ्यांपुढे पांढरं झालं. "सोड दादा, तुटेल," मी म्हणाले. "डॉक्टरांनी सांगितलंय, तुटेल."

"उजव्या हातानं खा, मग सोडतो." त्याने आणखी अर्धा वेढा दिला.

मी उजव्या हाताने पुरीचा तुकडा उचलला, खिरीत बुडवला आणि भूक लागल्यासारखा तोंडाकडे नेला.

दादा डोकं मागे घ्यायला विसरला होता. कित्येक वर्षांत मी उजव्या हाताने घास घेतलाच नव्हता.

कोपर त्याच्या नाकावर बसलं. मी जन्मताना आईला ऐकू आला असेल तोच आवाज ऐकला, कट्. मनगट सुटलं. तो मागे भिंतीला जाऊन आदळला, दोन्ही हात तोंडावर, बोटांमधून रक्त शर्टावर, शर्टावरून ताटात, पांढऱ्या खिरीत. घास माझ्या तोंडात होता. मी तो चावला आणि गिळला.

"मारलंस?" तो म्हणाला. आवाज लहान मुलाचा होता. "मला मारलंस तू?"

"नाही," मी म्हणाले. "उजव्या हातानं जेवले."

मग त्याच्या डोळ्यांत दुसरा माणूस आला. पितळी तांब्या माझ्या डोक्याजवळून भिंतीवर आदळला, दुसऱ्यांदा खांद्यावर बसला. त्याने मला केसांना धरलं. मी पुन्हा हात तोंडाकडे नेला, या वेळी घास नव्हता. वहिनीच्या भावाने मधे पडून दादाला मागे ओढलं आणि माझ्या कोपराची एक त्या भावालाही बसली. वहिनीने गॅस बारीक केला नाही. तिने गॅस बंद केला, माझी पर्स आणून माझ्या डाव्या खांद्याला अडकवली आणि दाराची कडी काढली. आम्ही एकमेकींकडे पाहिलं. ती माझ्याबरोबर आली नाही. तिला तिचं शोधायचं होतं.

आपाच्या बूथमागे एक खोली होती. तिने आडनाव विचारलं नाही. स्नायुबंध तुटला नव्हता. डॉक्टरांनी प्लास्टर घातलं. प्लास्टर असेपर्यंत दोन बायकांत धड हात एकही नव्हता. आपा मुठीत चमचा धरून मला भरवायची आणि शिव्या देत माझी वेणी घालायची. ती वेणी पाहून अन्ना म्हणायचा, अक्का, ये चोटी है कि जला हुआ वायर? प्लास्टर निघालं तेव्हा अंगठा हलला. मी आधी कुलूप उघडून पाहिलं, मग दुकानात गेले.

रविवारी आता आणखी दोघंजण येतात. जेवायला बसायची व्यवस्था मी लावून दिली आहे. ज्याचं डावं कोपर उडतं तो डाव्या टोकाला, उजवंवाली उजव्या टोकाला, आपा समोर एकटी, कारण तिचं कुठेही जातं.

पावसाळ्याच्या शेवटी दादा आला. शटर अर्धं होतं, तो वाकून आत आला. नाक डावीकडे वळून बसलं होतं. त्याने सगळ्यांकडे पाहिलं, आधी तोंडांकडे, मग हातांकडे. त्याच्या चेहऱ्यावर काय झालं ते मला वाचता आलं नाही. मी उठले.

"चल घरी," तो म्हणाला. "तुझी वहिनी माहेरी गेली." आणि सवयीने त्याचा हात माझ्या डाव्या मनगटाकडे आला.

खोलीतलं सगळ्यांचं चावणं थांबलं. त्याचा हात वाटेत थांबला. थोडा वेळ तो तसाच हवेत होता, मग त्याने तो खिशात घातला.

"जेवलास का?" मी विचारलं.

त्याने मान हलवली. नाही.

मी माझ्या उजवीकडची खुर्ची दाखवली. त्याने खुर्चीकडे पाहिलं, माझ्या कोपराकडे पाहिलं. बसला नाही. मी डाव्या हाताने एका ताटलीत दोन पोळ्या आणि अंबाडीची भाजी वाढली आणि त्याच्यापुढे धरली. तो दारात उभ्यानेच जेवला, आणि मी माझं ताट ओढून घेतलं.